नऊपैकी किती

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून.

शुक्रवारी कारखान्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुढ्यात टाकला. प्रेशर वर. साखर काठावर. मूत्रपिंडाबद्दल एक वाक्य होतं, ते मी पूर्ण वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाकिटातलं सगळं बंद. मीठ निम्मं. अख्खं धान्य, कडधान्य, भाज्या, आणि स्वयंपाक घरी. मी विचारलं, पाकिटातलं सगळं म्हणजे नक्की काय काय? म्हणाले, सगळं म्हणजे सगळं. सूपच्या पाकिटांच्या कारखान्यात पगार घेऊन हे बोलायला छाती लागते.

हरकत नाही. एकतीस वर्षं मी त्या कारखान्यात चव बघण्याच्या खुर्चीवर आहे. सीनियर टेस्टर. पाण्यात चिमूटभर मीठ जास्त पडलं तर सांगतो. अशा माणसाला चार भाज्या शिजवणं काय कठीण? फक्त पद्धत शास्त्रीय हवी.

संकल्प: १. पाकिटं बंद. २. रोज ताजं, घरी. ३. प्रत्येक पदार्थाला फॉर्म भरून मार्क.

हिला अजून सांगितलेलं नाही. ही आठ महिन्यांपूर्वी लेकीकडे बाळंतपणाला गेली. सध्या बाळाला दात येतायत. दात आले की येईल. आल्यावर स्वयंपाकघर बघून थक्क होईल.


३ सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८

हरभरे. दीड तास शिजवले.

रूप ६. वास ४. पोत: दगड. फॉर्ममध्ये दगडाचा रकाना नाही, म्हणून १.

हरभरे जुने असणार. दुकानदाराला उद्या सुनावणार.

हिचा फोन आला तेव्हा सहज विषय काढला. तिने विचारलं, रात्री भिजवले होते का? म्हटलं, अर्थातच.


४ सप्टेंबर, बुधवार

हरभरे रात्री भिजवायचे असतात. वहीत नोंद केली. दुकानदाराला काही बोललो नाही, मोठ्या मनाने सोडून दिलं.


५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी

भोपळा आणला. सुरी आत गेली, बाहेर येईना. भोपळ्यासकट वरच्या मजल्यावर गेलो. तिथे रिटायर्ड नर्सबाई एकट्या राहतात. त्यांनी पाटावर टॉवेल ठेवला, भोपळा उलटा केला, दोन ठोके दिले आणि उभा चिरला. माझीच सुरी. माझंही तेच करायचं चाललं होतं.

भोपळ्याबरोबर चौकशी फुकट मिळाली. वहिनी कधी येणार? म्हटलं, दात आले की. त्या म्हणाल्या, कोणाचे?

बाईंचा स्वभाव पहिल्यापासून तिरकस.

मग म्हणाल्या, तुमच्या कुकरची शिट्टी रोज साडेअकराला व्हायची, मी त्यावर गोळी घ्यायचे. आता गजर लावावा लागतो. आणि वाटीभर तरी वर यायचंच. सोबत तुमचे मार्कही कळायचे. आज सहा, आज साडेचार. सुरुवातीला वहिनी अगदी हसत सांगायच्या.

म्हणजे माझ्या मार्कांची चर्चा वरच्या मजल्यापर्यंत होती! मला कल्पना नव्हती. बरं वाटलं.

भोपळा: एकूण ३. नर्सबाईंनी फोडी फार जाड केल्या.


८ सप्टेंबर, रविवार

मार्कांबद्दल इथे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण लेक यावरून मागे काहीतरी बोलली होती.

कारखान्यात आम्ही नऊपैकी मार्क देतो. पांढऱ्या बंद कप्प्यात बसायचं, वर दिवा, समोर झडप. झडपेतून कप येतो, त्यावर फक्त नंबर. रूप, वास, चव, पोत, एकूण पसंती. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, शेजारचा बिथरतो. घोट घ्यायचा, थुंकायचं, पाणी, कोरडं बिस्किट, पुढचा कप.

हीच शिस्त मी घरी लावली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेव्हापासून. ही वाढायची, मी चेहरा कोरा ठेवून जेवायचो आणि पाणी पिऊन आकडा सांगायचो. मीठ कमी असेल तर खिशातली मसाल्याची पुडी वरून भुरभुरायची. मीठ कमीच असायचं. तक्रार कधी केली नाही, फक्त आकडा. त्याशिवाय माणूस सुधारणार कसा?

योगायोग असा की डॉक्टरांनी लिहून दिलंय ते ही पहिल्यापासून करत होती. कडधान्यं, सालासकट भाज्या, मीठ बेताचं. पण त्यात शास्त्र नव्हतं, नुसती सवय.

दुपारी: आठवड्याची बार्ली एकदम शिजवून ठेवायचं ठरवलं. चार किलो. कोणीही सांगितलं नव्हतं की ती फुगते. चार पातेली, दोन डबे आणि हिची कपडे भिजवायची बादली (धुतलेली) भरली.


११ सप्टेंबर, बुधवार

बार्ली.


१२ सप्टेंबर, गुरुवार

बार्ली. दोन चमचे आणि एक सूपची पुडी.

खुलासा: ही पुडी खाण्यासाठी नव्हती. तुलनेसाठी होती. प्रयोगात कंट्रोल सॅम्पल लागतं, त्याशिवाय निष्कर्ष निघत नाही.

बिनपुडीची ३. पुडीसकट ८.


१५ सप्टेंबर, रविवार

आठवड्यात कंट्रोल सॅम्पल: सात. जरा जास्त झाली. कपाटातल्या उरलेल्या पुड्या नर्सबाईंकडे ठेवायला दिल्या आणि मागितल्या तरी देऊ नका म्हणून सांगितलं.

संध्याकाळी दोन पुड्या मागायला गेलो. नाही दिल्या. शब्दाच्या पक्क्या आहेत. मला वाटलं होतं गंमत समजतील.


१९ सप्टेंबर, गुरुवार. रात्री ९

नवी कल्पना. कोबी-गाजराच्या ताटाचा फोटो हिला पाठवला, खाली लिहिलं: रूपाला किती देशील? बाकीचे रकाने तू आल्यावर.

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

मोठा आकडा द्यायला संकोच वाटत असेल.


२२ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. बाळाला दोन दात आले. खालचे. मी म्हटलं, वा! मग आईला आणायला कधी येऊ? लेक म्हणाली, बाबा, आता तो रांगायला लागलाय.

बरोबर आहे. रांगतं मूल म्हणजे चोवीस तास डोळ्यांत तेल. उभं राहायला लागलं की आई मोकळी होईल.

फोन ठेवताना लेक म्हणाली, ते आईला फोटो पाठवणं बंद कर ना. म्हटलं, का? म्हणाली, तूच विचार कर. मी विचार केला. फोटोत प्रकाश कमी पडत होता. आता खिडकीपाशी ताट ठेवून काढतो.


२८ सप्टेंबर, शनिवार

सव्वीस दिवस. पालक बुडाला न लागता शिजला. कोणाची मदत नाही. (नर्सबाई फक्त दारात उभ्या होत्या आणि आच कमी करा म्हणाल्या.)

पुड्या तेरा दिवस बंद. त्रास काही नाही, पण दुपारी चारच्या सुमाराला उगीच रडू येतं. मिठाचा परिणाम असणार. डॉक्टरांना विचारायचं.


४ ऑक्टोबर, शुक्रवार

चव बघणाऱ्यांच्या पॅनलवर चमत्कार. टोमॅटो सूप, नंबर ४१७. घोट घेतला आणि जीभ चरचरली. खारट! नुसतं मीठ आणि मागे काहीतरी धातूसारखं. चारच दिले. पुढचा कप, साडेतीन. बाकी सगळ्यांनी आठ दिले.

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, हे आपलं सर्वांत खपणारं सूप आहे, गेली अठरा वर्षं तुम्हीच याला आठ देताय. म्हटलं, माल बदललाय. म्हणाले, माल तोच आहे.

मी आणि चूक? मशीन तपासा म्हणून लेखी दिलं.


९ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७

लेकीचा फोन. बाळाला पाळणाघरात घातलं. मी आनंदाने ओरडलोच. म्हणजे आई सुटली! कधीचं तिकीट काढू?

लेक म्हणाली, बाबा, आई त्याच पाळणाघरात स्वयंपाकाला लागली. सोमवारपासून. चाळीस मुलं आहेत.

पाळणाघरवाल्यांची अडचण झाली असणार. हिला कोणाला नाही म्हणता येत नाही, सगळे फायदा घेतात. दुसरी बाई मिळेपर्यंत महिना-दीड महिना.

लेकीला विचारलं, मुलांना आवडतं का? म्हणाली, मुलं काही बोलत नाहीत, ताट पुढे करतात. आणि आई परवा कोबी चिरताना गात होती.

मी हिला गाताना कधी ऐकलेलं नाही. गाता येतं हेच माहीत नव्हतं. लेकीचा काहीतरी गैरसमज झाला असेल, रेडिओ असेल.

जेवलो नाही. भूक नव्हती. अधूनमधून पोटाला विश्रांतीही चांगलीच.


१४ ऑक्टोबर, सोमवार

पॅनलवर तीन कपांची चाचणी. दोन सारखे, एक वेगळा, तो ओळखायचा. डोळे मिटून ओळखला. मग तिन्हींना मार्क द्यायला सांगितले. तीन, तीन, दोन.

जीभ एकदम शाबूत आहे, उलट पूर्वीपेक्षा धारदार. बिघडला आहे तो कारखाना. पण हे साहेबांना सांगणार कोण? मीच सांगितलं.


२२ ऑक्टोबर, मंगळवार

माझी बदली लेबल विभागात. पाकिटांवरचा मजकूर तपासायचा. वजन, घटक, कुठे फाडावं त्याची खूण.

साहेब फार गोड बोलले. एकतीस वर्षांची सेवा, अनुभवाचा उपयोग दुसऱ्या विभागालाही व्हावा, वगैरे. खुर्चीवर गेल्या वर्षी आलेली मुलगी बसणार. तिला मीच शिकवलं, चेहरा कोरा कसा ठेवायचा ते. आज माझ्याकडे बघताना तिला तो ठेवता आला नाही. शिकवणीत कमी पडलो.

ही बढतीच आहे म्हणा. खिडकी आहे.

हिला फोन करून सांगावं असं वाटलं. सगळ्यांत आधी तिलाच. नंबर लावला, वाजण्याआधी बंद केला. बदली म्हटलं की तिला वाटेल मला काढलं.


२८ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर खुश! प्रेशर खाली, साखर खाली, वजन सात किलो उतरलं. टेबलावर थाप मारून म्हणाले, घरी कोण करतंय हे सगळं? त्यांचं अभिनंदन करा. म्हटलं, मीच. म्हणाले, मग मिसेसचं तरी आता काम हलकं झालं असेल!

म्हटलं, हो, बरंच.

चारला रडू येतं ते विचारायचं राहून गेलं. डॉक्टर आनंदात होते, उगाच कशाला.


३० ऑक्टोबर, बुधवार. रात्री ९.१५

ही येते आहे!!

स्वतः फोन केला. रविवारी येते म्हणाली, जावयांबरोबर, गाडी घेऊन. मी म्हटलं, ये ना, विचारतेस काय, घर तुझंच आहे. म्हणाली, सामान न्यायचं आहे थोडं. शिवणाचं मशीन आणि मोठा कुकर.

मशीन बाळाच्या कपड्यांसाठी. कुकर मात्र कळला नाही, दहा लिटरचा आहे. बाळ खातं किती?

असो. येते आहे ही बातमी. जाते की नाही हे त्या दिवशीच्या जेवणावर अवलंबून. म्हणजे माझ्यावर. म्हणजे काळजीचं कारण नाही.


२ नोव्हेंबर, शनिवार

तयारी. फरशी पुसली. तिची उशी उन्हात ठेवली. चवळी भिजवली, आठवणीने. भाजीवालीला सांगितलं, उद्या पाहुणे आहेत, कोवळं दे. तिने विचारलं, कोण येतंय? म्हटलं, बायको. ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली आणि पालकाची एक जुडी जास्तीची टाकली.

मास्टरस्ट्रोक सुचलाय. अठ्ठावीस वर्षं मी तिला मार्क दिले. उद्या ती मला देईल. फॉर्म छापून आणला, चांगल्या जाड कागदावर. तिला पेनही माझंच देणार, कारखान्यातलं. यापेक्षा जास्त माणूस काय करू शकतो?


३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.४०

सगळं तयार. बीटची कोशिंबीर, चवळी, ब्राऊन राईस, पालक. फॉर्म ताटाच्या डाव्या बाजूला. साडेअकराला शिट्टी व्हायला हवी होती, पण कुकर घासून दाराशी ठेवलाय, म्हणून पातेल्यात शिजवलं.

तिसऱ्यांदा दाराबाहेर डोकावून आलो. लग्नाच्या वेळीसुद्धा डोकावलो नव्हतो.


त्याच दिवशी. संध्याकाळी ६

जसं झालं तसं लिहितो.

ही बारीक झालेली नाही, उलट चेहरा भरलाय. केस कापलेत. मला म्हणाली, तुम्ही किती वाळलात हो. मला ते फार बरं वाटलं.

जावई खाली गाडीत मशीन चढवत होते. आम्ही दोघंच जेवायला बसलो. तिने सगळं वाढून घेतलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. पहिल्या घासाला काही दिसलं नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. मला कळेना की आवडलं, नाही आवडलं, खारट झालं, कच्चं राहिलं, काय. एवढा वेळ चेहरा कोरा ठेवणारं माणूस समोर असलं की जेवताच येत नाही. माझं ताट तसंच राहिलं.

तिने सगळं संपवलं. मी फॉर्म पुढे सरकवला, पेनचं टोपण काढून दिलं. म्हटलं, आज तू दे. मोकळ्या मनाने दे, मी रागावणार नाही.

तिने कागद उचलून वाचला. सगळे रकाने. खूप वेळ. मग म्हणाली, मी अठ्ठावीस वर्षं रोज दोनदा परीक्षेला बसले. आजारी असतानाही बसले. आता मला बसायचं नाही, आणि कोणाची घ्यायचीही नाही.

म्हटलं, अगं, एक आकडा तर लिहायचा आहे. ती म्हणाली, हो, एवढंच होतं ना.

मग सांगितलं. मी आता तिकडेच राहणार. लेकीच्या घराजवळ खोली बघितली आहे, पाळणाघराला लागून. भांडायला आलेली नाही. तुम्ही वाईट माणूस आहात असंही मी कोणाला सांगत नाही. फक्त चूल पेटवताना धाकधूक होत नाही आता, ते मला सोडायचं नाही.

उठून तिने दोन्ही ताटं घासली. मी म्हटलं राहू दे, तरी घासली. फॉर्म तिने गरम पातेल्याखाली ठेवला होता, टेबलाला डाग पडू नये म्हणून. कुकर स्वतः उचलून नेला. वर जाऊन नर्सबाईंना भेटून आली, डोळे लाल होते. माझ्याशी बोलताना नव्हते.


४ नोव्हेंबर, सोमवार

नीट विचार केला. कारखान्याचा नियम स्पष्ट आहे: फॉर्म कोरा आला तर तो नापसंतीत धरत नाहीत. चाचणी पुन्हा घेतात.

पुन्हा घ्यावी. महिनाभराने. पालकात लिंबू कमी पडलं होतं.


९ नोव्हेंबर, शनिवार

नर्सबाई खाली आल्या. स्वतःहून बसल्या. मी त्यांना नियम समजावून सांगितला, कोऱ्या फॉर्मचा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, एक विचारू? अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी नुसतं चांगलं झालंय म्हणालात का हो? आकडा न सांगता?

म्हटलं, आठ दिलेले आहेत. दोनदा.

त्या म्हणाल्या, ते मी नाही विचारलं.

मी हिशेब करू लागलो, कधी म्हटलं असेल. चांगलं झालंय, पण मीठ. चांगलं झालंय, पण जरा शिजायला हवं होतं. ‘पण’ लागलेलाच होता प्रत्येकाला. नर्सबाईंना म्हटलं, आठवून सांगतो. त्या म्हणाल्या, मला नका सांगू.


१३ नोव्हेंबर, बुधवार

उशी आत आणायची राहिली होती. अकरा दिवस बाहेरच होती. दव पडून भिजली, मग उन्हाने कडक झाली. आणली.

चाचणी पुन्हा घेणं रद्द. ती येणार नाही. दात, रांगणं, उभं राहणं, पाळणाघर, यातल्या कशानेच ती थांबलेली नव्हती. मला ते सप्टेंबरात माहीत होतं का? माहीत असावं. इथे लिहायला मीच तयार नव्हतो, आणि ही वही तर माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

फार वाईट वाटतंय. याला दुसरा शब्द सापडत नाही.


२० नोव्हेंबर, बुधवार

स्वयंपाक चालू आहे. डॉक्टरांसाठी नाही, तिच्यासाठीही नाही. साडेसहाला घरी आल्यावर काहीतरी चिरत बसलं की आठ वाजतात.

फॉर्म भरणं बंद केलंय. उरलेल्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूला भाजीची यादी लिहितो.


२८ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ७

आज चवळी चांगली झाली होती. कांदा, गाजर, टोमॅटो, मीठ बेताचं. पहाटे केली, डब्यात नेली आणि दुपारी लेबल विभागाच्या जिन्यात बसून खाल्ली, तिथे कोणी नसतं. तिसऱ्या घासाला थांबलो. खरंच चांगली होती. पुढे ‘पण’ लावण्यासारखं काही नव्हतं.

आणि मला एकदम वाटलं की हे तिला सांगायला हवं. चवळीचं नाही. तू करायचीस ते चांगलं असायचं, हे. एकदा, मोकळेपणी, मागे काही न जोडता. त्याने ती परत येईल म्हणून नाही. तिचं ते माझ्याकडे अठ्ठावीस वर्षं राहून गेलंय म्हणून.

फोन लावला. तिने उचलला. मागे मुलांचा गलका चालला होता. मी फार प्रस्तावना केली नाही. म्हटलं, तुझ्या हातचं जेवण चांगलं असायचं. एवढंच सांगायला फोन केला.

गलका जरा लांब गेला, ती बाजूला आली असावी. मग हळू आवाजात म्हणाली, काय काय?

म्हटलं, सगळंच.

म्हणाली, सगळं नको. एक सांगा. एकच पदार्थ सांगा हो, मला तेवढा पुरे.

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. मी ओळखतो तिचा आवाज, तेवढा तरी ओळखतो.

मी आठवू लागलो. लग्नानंतरचा तिने केलेला पहिला स्वयंपाक, साडेपाच. लेक जन्मली त्या वर्षी एका रविवारी, सात. मला सीनियर केलं त्या संध्याकाळी आठ, त्यातला वासाचा अर्धा कापून साडेसात. तिला ताप होता तेव्हाचे चार. एकेक आकडा स्पष्ट आठवला, रकान्यासकट. ताटात काय होतं, ते एकाही वेळचं आठवलं नाही. रंगसुद्धा नाही.

ती थांबली होती. मागे कोणीतरी ताटलीवर चमचा वाजवत होतं.

शेवटी मी म्हटलं, भाजी.

तिने विचारलं, कुठली?

मी अजून आठवत होतो. तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, मुलं ताटावर बसली आहेत, ठेवते. जेवून घ्या.

डबा बंद करून वर गेलो. पाचपर्यंत पाकिटं तपासली. चवळी अर्धी उरली आहे, झाकून ठेवली आहे.